टेपवर पुणं जिंकलं

मी चेंडू अडवला आणि सगळा हॉल पुणं जिंकलं म्हणून नाचायला लागला.

अंतिम सामन्याची शेवटची शिट्टी वाजून गेली होती. फलकावर आमच्या गुवाहाटीचा एक गुण जास्त होता. पुण्याचा अमेरिकन खेळाडू टेरेन्स माझ्या अंगावरून चेंडू वरून रिंगमध्ये कोंबायला, म्हणजे डंक करायला, उडाला होता, आणि रिंगच्या वीतभर अलीकडे माझा पंजा त्या चेंडूवर असा बसला की चेंडू उडून थेट आमच्या बाकापर्यंत गेला. आमचा कप्तान प्रफुल्ल ढोबळे तो चेंडू छातीशी धरून मैदानात धावत आला. आणि तिकडे जांभळे टी-शर्ट घातलेली शेकडो पोरंपोरी खुर्च्यांवर चढून "पुणे! पुणे!" करत होती. वरून जांभळ्या कागदाचे कपटे पडत होते.

"हे कायले नाचून राहिले बे?" ढोबळेनं मला विचारलं.

"त्यांना सांग, आपण जिंकलो," मी म्हणालो.

"मी कोणाले सांगू? माहा आवाज तरी जाते का तिथपर्यंत?"

नाचायचं कारण साधं होतं. त्यांना नाचायचा इशारा झाला होता.

आज तुम्ही ही बास्केटबॉलची लीग टीव्हीवर बघता. शहराशहरांत मोठमोठे हॉल, लहान मुलांच्या पाठीवर खेळाडूंची नावं, लिलावाच्या बातम्या. चांगलं आहे, माझी तक्रार नाही. पण हे सगळं ज्या वर्षी सुरू झालं, त्या वर्षी मी तिथं होतो. सहा शहरांच्या नावांचे सहा संघ होते आणि सहाही संघ हायवेलगतच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसतिगृहात राहत होते. सगळे सामने त्याच कॉलेजच्या हॉलमध्ये व्हायचे. गुवाहाटीच्या संघात मी, शमुवेल साळवे, जालन्याचा, ढोबळे नागपूरचा, बाकीचे केरळ, पंजाब, तामिळनाडूचे. गुवाहाटी आमच्यापैकी कुणी नकाशाबाहेर पाहिली नव्हती. छातीवर मात्र गेंडा होता.

प्रेक्षकही कॉलेजचेच. सामन्याला बसलं की वर्गातली हजेरी लागायची. सकाळी भगवे टी-शर्ट घालून ती पोरं चंदीगडची असायची आणि जेवणानंतर हिरवे घालून कोचीची. खांबाजवळ उभा असलेला एक माणूस हात वर करायचा, तेव्हा ओरडायचं. खाली घेतला की बसायचं. सामने थेट दाखवत नसत. टेपवर घ्यायचे, कापायचे, चिकटवायचे आणि रविवारी दाखवायचे. वसतिगृहाच्या फाटकावर पहारेकरी होता आणि परवानगीशिवाय साधा वडापाव खायलाही बाहेर सोडत नसत. खेळाडू पळून जातील अशी त्यांना भीती वाटत असावी. जाणार कुठं? बास्केटबॉलच्या जुन्या संघटनेनं आधीच जाहीर केलं होतं की या लीगमध्ये जो खेळेल त्याला राज्याच्या आणि देशाच्या संघाची दारं बंद. पुढचं दार उघडेल की नाही ठाऊक नाही आणि मागचं बंद, अशा खोलीत आम्ही सगळे होतो.

माझं मागचं दार म्हणजे बँक. खेळाडू म्हणून मिळालेली, उन्हातान्हाची झळ न लागणारी नोकरी. ती मी सोडली त्या दिवसापासून माझे पप्पा माझ्याशी बोलत नव्हते. ते जालन्याच्या मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर. जन्मभर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, पण एका पेशंटला चुकीचं औषध गेलं नाही. असल्या माणसाला मुलगा पक्की नोकरी सोडून चेंडू आपटायला जातो हे झेपणारं नव्हतं. "जेवायला बस म्हणावं त्याला," हे वाक्यसुद्धा ते मम्मीमार्फत पाठवायचे, मी समोर बसलेला असताना. म्हणून तो अंतिम सामना मला कपासाठी जिंकायचा नव्हता. रविवारी पप्पांनी मला टीव्हीवर बघावं, सातासमुद्रापलीकडून आलेल्या खेळाडूला आपला मुलगा हवेत अडवतो हे बघावं, आणि "बस जेवायला" असं सरळ मला म्हणावं, एवढ्यासाठी जिंकायचा होता. आणि तसाच्या तसा तो प्रसंग माझ्या हातून घडलाही होता. जन्मात दुसऱ्यांदा घडणार नाही इतका नीट.

पाठारे मॅडम वरच्या खोलीतून खाली आल्या. संज्योत पाठारे, टीव्हीच्या दिग्दर्शिका, मुंबईच्या. गळ्यात हेडफोन, हातात चहाचा कागदी कप. बाई कामाला वाघ होत्या, पण बास्केटबॉलमधलं त्यांना एवढंच कळायचं की चेंडू वरून आत जायला हवा.

"पुण्याचे आणि गुवाहाटीचे, कुणी जागा सोडू नका," त्या म्हणाल्या. "शेवटचा बास्केट परत घ्यायचाय."

"कुठला बास्केट?" मी विचारलं. "मॅडम, बास्केट झालाच नाही. मी अडवला."

"हो रे बाबा, अडवलास. मला सांगितलं पंचांनी. पण आमच्याकडे तो नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

त्यांनी एक सुस्कारा सोडला. "आपले तिन्ही कॅमेरामन क्रिकेटचे आहेत. तिथं सिक्सर गेला की काय करतात? कॅमेरा प्रेक्षकांवर. तो टेरेन्स एवढा उंच उडाला, तिघांनाही वाटलं, झालं. तिघांनी एकदम कॅमेरा फिरवला. खांबाजवळच्या आमच्या माणसानंही हात वर केला. पोरं जी नाचली म्हणतोस! सबंध सीझनमध्ये अशी नाचली नव्हती."

"आणि माझा ब्लॉक?"

"एकाही कॅमेऱ्यात नाही."

मी तिघा कॅमेरामनकडे पाहिलं. तिघंही आपापल्या वायरी गुंडाळत होते.

"आता टेपवर काय आहे, तर टेरेन्स उडाला आणि पुणेकर वेडे झाले," मॅडम म्हणाल्या. "टेपवर पुणं जिंकलंय. फक्त चेंडू आत गेलेला नाही. तेवढा घेऊ या."

असं बोलणं ऐकल्यावर माणसाला आधी हसू येतं. मला आलं. मग मी हॉलभर नजर फिरवली तर दुसरं कुणीच हसत नव्हतं. मी पंचांकडे गेलो. पंच म्हणजे जन्मभर शाळांच्या स्पर्धांत शिट्टी फुंकलेले सज्जन गृहस्थ. ते खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते आणि मी समोर उभा राहिलो तरी ती बांधून होईना.

"मग माझा ब्लॉकच परत घ्या," मी मॅडमना म्हणालो. "मी परत अडवतो. घ्या शंभर वेळा."

"आणि मग हे सगळे कशाला नाचताहेत? सांग ना. गुवाहाटीचा एक तरी टी-शर्ट आहे हॉलमध्ये?"

नव्हता. अंतिम सामन्याला सगळेच जांभळे शिवून आणले होते. पुण्याचा संघ एका रंग बनवणाऱ्या कंपनीचा होता आणि तीच कंपनी लीगचा टीव्हीचा सगळा खर्च उचलत होती. मॅडमनी हनुवटीनं वर दाखवलं. वरच्या मजल्यावर काचेमागे लीगचे मालक बसले होते. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. साहेब कधी खाली उतरत नसत. त्यांचा चेहरा मी अखेरपर्यंत काचेतूनच पाहिला.

"रंगवाले उद्या ही टेप बघणार आहेत," मॅडम आवाज उतरवून म्हणाल्या. "आवडली तर लीग पुढं चालेल. नाही आवडली तर साहेब आजच्या आज गाशा गुंडाळणार. मला चांगलं वाटतंय का हे? पण मीसुद्धा इथंच नोकरी करते."

"मी नाही करणार," मी म्हणालो आणि बाकावर जाऊन बसलो. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

ढोबळे शेजारी येऊन बसला. जिंकलेला चेंडू अजून त्याच्या मांडीवर होता.

"शमू, हे पाह्य," तो म्हणाला. "चूक आहे हे, मले का समजत नाही? पण कप जिंकून तू का करशील? लीगच नाही राहिली त तो कप ठेवशील कुठी?"

"म्हणजे तूपण?"

"मीच नाही, सारेच. विचार ना त्या केरळच्या पोरांले. मले पाह्य, गुडघ्याले पट्टे बांधून खेळून राहिलो. संघटनेनं हाकललं, रेल्वेनं हात वर केले. मले आता कोण घेते बे? तुह्याजवळ तरी बँक हाये."

"बँक नाहीये. सोडलीय मी."

"सोडलेली बँक तरी हाये ना. माह्याजवळ सोडाले बी काही नाही." त्यानं चेंडू माझ्या मांडीवर ठेवला. "एक वर्ष अजून खेळू दे ना मले."

तो हात जोडून बोलला असता तर मी चिडलो असतो. पण तो चेंडू ठेवून नुसता बसून राहिला. मी उठलो.

पहिल्यांदा पुन्हा जागेवर उभं राहिलो तेव्हा मी खरोखर ठरवलं होतं की अडवायचं नाही. टेरेन्स आला, दोन पावलं टाकली, उडाला, आणि माझा हात आपोआप वर गेला. चेंडू पुन्हा बाहेर. हॉलमधून मोठ्ठा उसासा आला.

"शमुवेल!" मॅडम ओरडल्या.

"मुद्दाम नाही केलं, मॅडम. हात गेला."

"मग हात जरा मागं ठेव ना!"

मी दोन्ही हात मागे बांधले. शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा रिंगखाली उभा राहिलो. टेरेन्स आला, उडाला, आणि चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आदळून परत आला. पुन्हा घेतलं. पुन्हा कडेवर. त्याच्यापुढच्या वेळी तर चेंडू कडेपर्यंतही पोचला नाही, खालच्या जाळीला लागला. मी हात मागे बांधून उभा आणि चेंडू तरीही आत जात नाही, असा तो प्रकार चालला होता. मला वाटलं, आता तरी मॅडम सोडतील. पण त्या सोडत नव्हत्या आणि कुणालाच सोडत नव्हत्या. पोरं मध्येच उठून गेली तर जांभळ्या खुर्च्या रिकाम्या दिसतील म्हणून हॉलच्या दारांना आतून साखळ्या लावल्या होत्या.

दिवाळीची सुट्टी त्या दुपारपासून लागणार होती. कॉलेजच्या गाड्या बाहेर उभ्या होत्या. कुणाला बार्शीला जायचं होतं, कुणाला चाळीसगावला. आधी ती पोरं कंटाळली, मग चिडली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला अडकवून ठेवणारा माणूस कोण आहे. कॅमेरामन नव्हे, मॅडम नव्हेत, काचेमागचे साहेब तर नव्हेतच. रिंगखाली उभा असलेला तो लांबुडका मी.

"घालू दे!" वरून एकजण ओरडला.

मग सगळे टाळ्यांच्या तालावर ओरडायला लागले. "घालू दे! घालू दे!" एक चप्पल येऊन माझ्या पायाशी पडली. माझे हात मागे बांधलेले, आणि माझ्या वयाची शेकडो पोरं मला हरण्यासाठी आग्रह करतायत. आपण जिंकलो आहोत हे त्या हॉलमध्ये फक्त आपल्यालाच आठवतंय असं मला वाटायला लागलं. थोड्या वेळानं तेही नीटसं आठवेना.

मॅडमनी पाच मिनिटांची सुट्टी दिली. टेरेन्स कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसला होता, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. तो बोलायचा त्यातलं माझ्या इंग्रजीत जेवढं बसलं तेवढं सांगतो.

"तू मुद्दाम चुकवतोयस ना?" मी विचारलं. मला तसं खरंच वाटत होतं. मनातून मी त्याचे आभारही मानत होतो.

"नाही, सॅम," तो म्हणाला. "मला वर जाताच येत नाही."

त्यानं पिशवी उचलली. गुडघा नारळाएवढा झाला होता.

"पहिल्यांदा तू मला स्वच्छ अडवलंस. ती माझी शेवटची उडी होती. खाली आलो तेव्हाच काहीतरी तुटलं. वर सांगू नकोस. सांगितलंस तर मला आज रात्रीच्या विमानात बसवतील."

"पण मग पुढं काय करशील?"

"दुसरा देश." तो हसला. "जिथं नवी लीग सुरू होते तिथं पहिल्या वर्षी मला बोलावतात. रिकामे हॉल असतात, भाड्याचे प्रेक्षक असतात, कॅमेरावाले दुसऱ्याच खेळातले असतात. मला ते पाठ झालंय. तीन वर्षांनी हॉल खरंच भरायला लागतो. तिथली पोरं माझ्याहून उंच उडायला लागतात आणि मला कुणी बोलवत नाही."

"मग वाईट वाटत नाही?"

"लीग चांगली चालते," तो म्हणाला. एवढंच.

तेवढ्यात मॅडमच्या बुटांचा आवाज आला. त्यांनी टेरेन्सच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि त्यानं घाईघाईनं पिशवी खाली ठेवली. त्यांना कळलं की नाही, देव जाणे. त्या रिंगकडे बघत होत्या.

"हा खांब शाळांमध्येपण लावतात ना?" त्यांनी मैदान सांभाळणाऱ्या माणसाला विचारलं. "लहान मुलांसाठी रिंग खाली येत असेल."

"येते की, मॅडम. मागं दांडा आहे."

मी ताडकन उभा राहिलो. "मॅडम, नाही. हे नाही."

"अरे, थोडीशीच."

"रिंग दहा फुटांवर असते, मॅडम! तुम्ही तुरुंगात जा, नाहीतर राजवाड्यात जा, जगात जिथं जाल तिथं दहा फूट. आमच्या जालन्याच्या मिशनच्या आवारात जाळी नव्हती, बोर्डाला भोकं होती, पण रिंग दहा फुटांवर होती. ती खाली आणली तर मग राहिलं काय?"

"टीव्हीवर कुणाला कळणार आहे?"

"आम्हाला कळेल ना!"

माझा आवाज चढला होता. वर काचेमागे साहेब उठून उभे राहिले. ढोबळे लांबून माझ्याकडे बघत होता. आणि टेरेन्स कुणाकडेच बघत नव्हता. जमिनीकडे मान घालून बसला होता, एवढा मोठा माणूस. त्या क्षणी मी बोललो असतो, की याला आता उडताच येत नाही, तर सगळं तिथंच थांबलं असतं. टेप संपली असती, लीग संपली असती, माझा ब्लॉक कुणाच्या तरी आठवणीत उरला असता. शब्द अगदी जिभेवर होते. मी मूग गिळून जागेवर जाऊन उभा राहिलो. टेरेन्सला वाचवायचं म्हणून, ढोबळेसाठी, की त्या ओरडणाऱ्या पोरांना भिऊन, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

दांडा फिरला. कुरकुर करत रिंग खाली आली. फार नाही, हातभर. पण मी इतकी वर्षं तिच्याखाली वावरलो होतो की मान वर केली तर घराचं छप्पर खाली आल्यासारखं वाटलं.

"डोळे मिटू नकोस," मॅडम म्हणाल्या. "घाबरलास तरी चालेल, पण डोळे उघडे. आणि जागा सोडायची नाही."

टेरेन्स आला. लंगडणं त्यानं कसं लपवलं हे त्यालाच ठाऊक. त्याचा चांगला गुडघा माझ्या छातीत बसला, चेंडू माझ्या डोक्यावरून धाडकन आत गेला आणि मी उताणा पडलो. पडल्या पडल्या कानावर आलं ते ओरडणं. खांबाजवळच्या माणसानं हात वर करायच्या आधीच पोरं उठली होती. दारं उघडणार, गाड्या सुटणार, घरी जायला मिळणार! इतका खरा आनंद त्या सबंध लीगमध्ये मी ऐकला नव्हता, आणि या वेळी तिन्ही कॅमेरे आमच्यावरच होते.

टेरेन्सनं हात देऊन मला उठवलं आणि उठवल्यावर मिठी मारली. लोकांना वाटलं असेल, काय खिलाडूवृत्ती आहे. खरं तर त्याला दुखऱ्या पायावर उभं राहता येत नव्हतं. त्याचं सगळं वजन माझ्या खांद्यावर होतं.

साखळ्या निघाल्या. पाच मिनिटांत हॉल रिकामा झाला. मग रिकाम्या हॉलमध्ये पुण्याला कप दिला गेला आणि टाळ्या आम्हीच वाजवल्या. जाताना मॅडम माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पहिलं नाव तुझं असेल बघ. कॅमेऱ्याला तू फार छान चालतोस."

त्या संध्याकाळी फाटकावर पहारेकरी नव्हता. मी हायवेवरच्या एसटीडी बूथवरून आमच्या बँकेच्या मॅनेजरना, टाकळकर साहेबांना, घरी फोन लावला.

"साहेब, चुकलंमाकलं पोटात घाला, पण मला परत घ्याल का?"

"जागा भरलेली नाही अजून," टाकळकर म्हणाले. माणूस देवासारखा. "मी वर बोलतो. सोमवारी सकाळी फोन कर आणि हो म्हण, की झालं. पण आता परत उड्या मारायला जायचं नाही हं."

"नाही साहेब. सुटलो मी त्यातून," मी म्हणालो. बूथमधून बाहेर आलो तेव्हा इतकं हलकं वाटलं की रस्त्याकडेला उभं राहून मी दोन वडापाव खाल्ले.

रविवारी सकाळी जालन्याला पोचलो. मनात एकच होतं, की टीव्हीवर ते लागायच्या आत पप्पांना सांगून टाकायचं: पप्पा, मी बँकेत परत जातोय, तुम्ही म्हणत होता तेच खरं. पण घरी कुणी नव्हतं. मम्मीचा निरोप शेजारी ठेवलेला, चर्चला ये. उपासना संपली होती आणि शेजारच्या संडेस्कूलच्या हॉलमध्ये सगळं मिशन कंपाउंड जमलं होतं. पुढे टेबलावर हॉस्पिटलचा टीव्ही. आणि खुर्च्या मांडत होते ते माझे पप्पा.

"सलाम, पप्पा," मी म्हणालो. "जरा बोलायचं होतं."

त्यांनी मला पाहिलं. एक खुर्ची झटकली. "आधी बघू दे," ते म्हणाले. हे सरळ मला म्हणाले, मम्मीमार्फत नाही.

मी मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. पळून जावंसं वाटत होतं, पण दारात लोक बसले होते. सामना कापूनकुपून छान केला होता. मी दोनतीन बास्केट केले तेव्हा लोकांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग शेवट आला. टेरेन्स आला, उडाला, माझी छाती, त्याचा गुडघा, चेंडू आत, मी खाली. मग तेच पुन्हा हळू, समोरून. मग डावीकडून. मग फक्त माझा चेहरा, डोळे सताड उघडे, पडद्याएवढा मोठा. मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं.

पप्पा उठले. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एकट्यानं.

"बघितलंत?" ते सगळ्यांकडे वळून म्हणाले. "केवढा माणूस अंगावर आला! दुसरा कुणी असता तर पळाला असता. पोरगं जागचं हललं नाही. डोळेसुद्धा मिटले नाहीत त्यानं!"

"अगदी बायबलमधला लहानगा दावीद आणि तो राक्षसी गल्याथ," पाळकसाहेब म्हणाले.

"पण इथं तर गल्याथच जिंकला ना?" आमच्या शांतवनमावशींनी विचारलं.

"मावशी, जिंकणं-हरणं सोडा हो!" पप्पा म्हणाले. "त्या गल्याथानं हात देऊन कुणाला उठवलं? छातीशी कुणाला धरलं? उगीच धरतो का माणूस?"

मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. पप्पा खुर्च्यांमधून वाट काढत माझ्याकडे आले. माझ्या छातीवर, जिथं गुडघा बसला होता तिथं, त्यांनी हात ठेवला, दुखणं तपासावं तसा.

"लागलं का रे फार?"

"नाही, पप्पा."

"मी चुकीचं बोललो होतो तुला," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगतो. बँकेत कुणीही बसतं. आता त्या बँकेचं नाव काढायचं नाही. काय बोलायचं होतं तुला?"

मी तोंड उघडलं. सांगायचं ते सगळं पाठ होतं: रिंग हातभर खाली होती, चेंडू मी अडवला होता, त्यांना जे दिसलं ते झालंच नव्हतं आणि जे झालं ते कुणालाच दिसलं नव्हतं. पण त्यांचा हात अजून माझ्या छातीवर होता आणि ते इतक्या महिन्यांनी माझ्याकडे बघून हसत होते.

"काही नाही," मी म्हणालो. "पुढच्या वर्षीही बोलावलंय."

सोमवारी सकाळी हॉस्पिटलच्या फोनवरून मी टाकळकर साहेबांना सांगितलं की येत नाही. पप्पा शेजारीच औषधाच्या बाटल्या लावत होते. साहेब पलीकडून "अरे, पण का?" असं विचारत होते, तेव्हा पप्पांनी हात पुसले, माझ्याकडून फोन घेतला आणि आधी त्यांना विचारलं, "साहेब, काल पाहिलंत का आमच्या शमूला?"

बराच वेळ ते ऐकत राहिले. मग फोन ठेवून समाधानानं माझ्याकडे वळले.

"साहेबांनीही पाहिलं," ते म्हणाले. "हलला नाही म्हणत होते."